तीन पावलांवरून

बूट उलटला आणि व्लास्ताने कपाळाला हात लावला.

तसा तो उलटायलाच हवा होता. चौदाशे वीस सालचा बूट शिवायचा म्हणजे आतली बाजू बाहेर ठेवून शिवायचा, मग कोमट पाण्यात भिजवायचा आणि दातओठ खात, अंगठ्याने ढकलत ढकलत उलटा करायचा. टाके आत जातात, गुळगुळीत कातडं बाहेर येतं. बाई तीन आठवडे त्या एका बुटापायी खपली होती. आरी टोचून टोचून बोटांची चाळण झाली होती. आणि बूट आला होता मोठा देखणा, त्यात वादच नाही. फक्त तो उजव्या पायाचा होता.

तिच्या नवऱ्याचा, ओताकरचा, उजवा पाय ठणठणीत होता. बूट हवा होता डाव्याला.

"अगं बावळट बाई," व्लास्ता स्वतःलाच म्हणाली. "हातमोजा उलटा केला की डाव्याचा उजवा होतो, हे शेंबड्या पोराला कळतं. तुला नाही कळलं?"

नाही कळलं, आता काय करणार! डाव्या पायाचा बूट म्हणून तिने डाव्या पायाचा लाकडी साचा घेतला, चिंध्या गुंडाळून तो जाड केला आणि त्यावर शिवण घातली. असे बूट करणारा प्रत्येक जण आयुष्यात एकदा ही चूक करतो आणि पुन्हा कधी करत नाही. त्यांच्या गटात बूट शिवायचा तो प्रोकोप. शिकायला येणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी बजावायचा, डाव्यासाठी उजवा साचा घ्या म्हणून. पण व्लास्ता प्रोकोपकडे गेलीच नव्हती. ओताकरने तिला तशी शपथ घातली होती.

त्याचं असं झालं. जुलैतला शेवटचा शनिवार-रविवार आला की लिपोव्हाच्या तळ्याकाठच्या कुरणावर तीन-चारशे माणसं जमतात आणि चौदाशे वीस सालात राहतात. तंबू तसे, भांडी तशी, कपडे तसे, लढायासुद्धा तशाच, फक्त मरत कुणी नाही. ओताकर त्या कुरणावरचा जुना गडी. धंद्याने सुतार. त्यांच्या गटाची फळ्यांच्या भिंतींची लढाऊ गाडी त्याने स्वतःच्या हाताने बांधलेली, आणि ती कुठे उभी करायची, कुठून फिरवायची हे तो ओरडून सांगायचा ते सोळा माणसं निमूट ऐकायची. सगळा गट त्याला काका म्हणायचा. गेल्या ऑक्टोबरात काकांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं वाचलं, हातही हळूहळू परत आला. डाव्या पायाचा पंजा तेवढा लोंबकळत राहिला. डॉक्टरांनी पोटरीपासून बोटांपर्यंत एक पांढरी प्लास्टिकची पट्टी दिली. ती बांधली की चालता यायचं, नाही बांधली की आपल्याच पायात अडखळायचं.

आणि मग माणूस जो घरात बसला तो बसलाच. प्रोकोप दोनदा बिअर घेऊन आला, दोन्ही वेळा ओताकर झोपेचं सोंग घेऊन पडून राहिला. पाय कुणाला दाखवायचा नाही. कुणी कीव केलेली चालायची नाही. नऊ महिने व्लास्ता त्याच्या मागे सावलीसारखी फिरत होती. बागेत गेला तर खिडकीतून बघायची, न्हाणीघरात गेला तर दाराला कान लावायची. माणूस बरा होता आणि तरी घरात एक माणूस कमी झाला होता, हे तिला कुणाला सांगताही येत नव्हतं.

मे महिन्यात तिने त्याच्यापुढे हात जोडले, शब्दशः जोडले. "चल रे ओता यंदा. तीन दिवस. माझ्यासाठी."

तो म्हणाला, "येईन. पण फाटकावर मला सगळ्यांसारखं तपासायचं. पास झालो तर आत जाईन. दया म्हणून कुणी सोडणार असेल तर मी तिथूनच परत फिरेन आणि पुन्हा त्या कुरणाचं नाव काढणार नाही. तूही काढायचं नाहीस."

झालं! आता फाटकावरची तपासणी म्हणजे काय चीज आहे ते ऐका. तिथे हेडविका उभी असते. जिल्ह्याच्या संग्रहालयात जुने कपडे सांभाळणारी, चाळिशीची, काडीसारखी बाई, आणि नजर अशी की शिवण बघून सुई सांगेल. तिचा नियम तीन पावलांचा: तीन पावलांवरून जे दिसतं त्यात चौदाशे वीसनंतरचं काही नको. यंत्राची शिवण नको, घड्याळ नको, प्लास्टिकचं बटण नको. चोळण्याला चेन होती म्हणून तिने सख्ख्या भावाला घरी पाठवला होता. अशा बाईसमोर पायात गुडघाभर प्लास्टिक घेऊन उभं राहायचं. म्हणून ती पट्टी मावेल असा रुंद, उंच बूट हवा होता. आणि आज बुधवार होता. निघायचं शुक्रवारी.

व्लास्ताने बूट टेबलावर ठेवला, बसली आणि रडायला लागली. आवाज न करता रडायचं होतं, पण हुंदका फुटला.

ओताकर भिंतीला धरत आत आला. "काय गं? भाजलं का?"

तिने नुसतं बोट दाखवलं.

त्याने बूट उचलला. आत हात घातला, बाहेरून फिरवून बघितला, आपल्या डाव्या पायाजवळ धरला, मग उजव्या पायाजवळ धरला. त्याचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. आता हा बूट भिरकावणार आणि नाही जायचं म्हणणार, असं वाटून तिने डोळे मिटले.

तो हसत होता. खुर्चीच्या पाठीला धरून, पोट दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. "उजवा! तीन आठवडे मी रोज विचारतोय, मदत करू का, मदत करू का, आणि बाई म्हणतात, तू आराम कर. घ्या आराम!"

"हस, हस मेल्या," ती नाक पुसत म्हणाली. पण तिच्या छातीवरचा केवढा तरी दगड हलला. ऑक्टोबरपासून या घरात कुणी असं हसलं नव्हतं.

"दोन उजवे पाय असते तर कामाला आला असता," तो म्हणाला. "सरक तिकडे. आरी दे. तळवा उसवायचा, नवा कापायचा. वरचं कातडं ओलं आहे तोवर डाव्यासाठी ओढून घेऊ. ओलं कातडं बिचारं काहीही ऐकतं."

"पण मग बंद बाहेरच्या बाजूला येतील. ते आतल्या बाजूला असतात."

"असू देत. चौदाशे वीसमध्ये काय धांदरट बायका नव्हत्या?"

आणि तो बसला. नऊ महिन्यांनी त्या माणसाने तिच्या डोळ्यांदेखत हातात हत्यार धरलं. डाव्या हाताने कातडं नीट धरवत नव्हतं, तेव्हा त्याने ते गुडघ्यांत धरलं. तिने दोऱ्याला मेण लावायचं, त्याने टोचायचं, दोघांनी ओढायचं. दुपारपासून सूर्य कलेपर्यंत दोघं भांडत होती, टाका लहान घे, टाका मोठा झाला, माझ्या बोटात टोचलंस, मग बोट मध्ये कशाला घातलंस. असं भांडण ऐकून व्लास्ताचे कान तृप्त झाले. गुरुवारी सकाळी बूट वाळला. लोकरी पायमोजा पट्टीवरून वर ओढला, बूट चढवला, बंद बाहेरून आवळले. व्लास्ता तीन पावलं मागे गेली, मग दोन, मग एक. एक साठ वर्षांचा सुतार उभा होता. थोडा जाड पायाचा, इतकंच.

"दिसतं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"खरं सांग."

"अरे नाही दिसत म्हणते ना! तुझ्या तोंडाला दाढी आहे तेवढी दिसते."

मग बांधाबांध सुरू झाली. तंबूचं जाड लिनन माळ्यावरून काढलं, उंदरांनी एका कोपऱ्याला खाल्लेलं होतं, तिथे ठिगळ लावलं. लाकडी मेखा मोजल्या, चार कमी निघाल्या, ओताकरने लगेच बसून तासल्या. बिडाचं भांडं, तिवई, लाकडी वाडगे, लोकरीची घोंगडी, पेंढ्याच्या गादीचा अभ्रा. ओटमील एका पिशवीत, वाळवलेले मटार दुसरीत, खारवलेलं मांस मडक्यात. बटाटे नाहीत, टोमॅटो नाहीत, कॉफी तर नाहीच नाही, आणि त्यावर ओताकरची कुरकुर दरवर्षीसारखीच. "गाडीत थोडी ठेव गं, थर्मासमध्ये. पार्किंगमध्ये पिऊन येऊ." तो असं चोरट्या आवाजात बोलला की व्लास्ताला वाटायचं, आला परत. माझा माणूस आला.

गुरुवारी संध्याकाळी गटातल्या वेंदुलाचा फोन आला आणि सगळ्यावर पाणी पडलं. वेंदुला तिशीची, जिवाला जीव देणारी, पण तोंडाला लगाम नसलेली पोरगी.

"मावशी, तुम्ही अजिबात काळजी करू नका हं. काकांच्या पायाचं मला डॉक्टरांच्या नर्सकडून कळलं. मी कालच हेडविकाशी बोलले. काकांना तपासायचंच नाही, सरळ आत सोडायचं. पायात काय आहे ते बघायचंसुद्धा नाही. ती हो म्हणाली!"

व्लास्ता दाराबाहेर अंगणात गेली. "तुला कुणी सांगितलं होतं हे करायला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? आमचे काका आहेत ते!"

आता त्या पोरीला काय बोलणार? व्लास्ताने फोन ठेवला आणि हेडविकाला लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग आठवलं, हेडविका दोन दिवस आधीच कुरणावर जाते, आणि गेली की फोन गाडीच्या डिकीत टाकते. तिथे पोचेपर्यंत तिला गाठायची काही सोय नव्हती. घरात ओताकर बेसूर शीळ घालत दोऱ्या गुंडाळत होता. त्याला सांगावं तर तो जायचाच नाही. न सांगावं तर फाटकावर तोंडावर कळणार. शुक्रवारी सकाळ झाली तरी तिने काही सांगितलं नाही.

निघताना ओताकर शेडमधून एक काठी घेऊन आला. ओकच्या लाकडाची, मुठीला कोरलेलं अस्वलाचं डोकं. दवाखान्याची अ‍ॅल्युमिनियमची काठी त्याने घरीच ठेवली. "आठ दिवस लपवून करत होतो," तो म्हणाला. "तू काय एकटीच शिवतेस?"

"सुंदर झालीय रे," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली, कारण आणखी बोलली असती तर रडली असती.

लिपोव्हाच्या कुरणाबाहेर वाळलेल्या गवतावर गाड्या लावलेल्या होत्या, आणि फाटकापाशी पंचवीस-तीस जणांची रांग होती. सगळे कपडे बदलून आलेले, घामाघूम, लोकर अंगावर आणि ऊन डोक्यावर. हेडविका डोक्याला पांढरं फडकं बांधून एकेकाला उभं करत होती. एका तरुणाची टोपी तिने हातात घेतली, शिवण उलटली आणि परत दिली. "यंत्राची आहे. उसवून पुन्हा घाला." तो बिचारा हूं की चूं न करता बाजूला झाला. वेंदुला फाटकाच्या आतून हात हलवत होती, तोंडभर हसत होती. व्लास्ताला तिचं तोंड धरून दाबावंसं वाटलं.

हेडविकाशी आधी दोन शब्द बोलावे म्हणून व्लास्ता रांग सोडून पुढे जाऊ लागली, तर ओताकरने दंड धरला. "रांगेत राहा. मध्ये घुसायचं नाही."

नंबर आला. हेडविकाने व्लास्ताच्या झग्याचा घेर उलटसुलट बघितला, बाह्या बघितल्या, कमरेची पिशवी उघडून बघितली आणि मान हलवली. मग ओताकरकडे वळली. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर राहिली, खाली आलीच नाही.

"या काका. बरं वाटलं तुम्हाला बघून. जा आत."

ओताकर हलला नाही. "तपास."

"तुमचं काय तपासायचं? तेवीस वर्षं येताय."

"ते बाकीचेही येतात. तपास."

"काका, जा ना तुम्ही," वेंदुला आतून ओरडली. "मी सांगितलंय तिला!"

पोरीने जीभ चावली, पण शब्द सुटला होता. ओताकरने आधी वेंदुलाकडे बघितलं, मग हेडविकाकडे, मग व्लास्ताकडे. तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागावला नाही. नऊ महिने खुर्चीत बसून असायचा तो चेहरा परत आला, तोच, तसाच.

"चल व्लास्तो," तो म्हणाला. "गाडी काढ."

व्लास्ताच्या डोक्यात तिडीक गेली. तेवीस वर्षांत त्या फाटकावर तिने कधी आवाज चढवला नव्हता. आता असा चढवला की तळ्यावरची बदकं उडाली.

"हेडविका! चेनपायी सख्ख्या भावाला घरी पाठवलंस ना तू? मग माझ्या नवऱ्याने काय घोडं मारलंय? तो काय पाहुणा आहे? तपास त्याला! वरून खाली तपास! नापास झाला तर मी स्वतः घरी नेते त्याला. पण न तपासता आत सोडलंस तर तुझं माझं बोलणं संपलं!"

हेडविकाने व्लास्ताकडे बघितलं आणि एक मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले तिचे. व्लास्ताला तेव्हा कळलं, या बाईलाही दोन दिवस झोप नव्हती.

"काका," हेडविका म्हणाली, "उजेडात उभे राहा."

आणि मग तिने तपासलं. काय तपासलं! टोपी काढायला लावली, आतली शिवण बघितली. अंगरख्याच्या बगला ताणून बघितल्या. पट्ट्याचं बक्कल नखाने खरवडलं. सुरी म्यानातून काढून परत घातली. मग गुडघे टेकून खाली बसली, डावा बूट हातात धरला, टाचेवरून बोट फिरवलं, तळव्याचे टाके मोजत गेली. तिच्या हाताला आतला कडकपणा लागला असणारच. ती पुढे सरकली. बंदांपाशी थांबली.

"बंद बाहेरून का?"

"बायको धांदरट आहे," ओताकर म्हणाला.

"हं. हाताने शिवलंय. चालेल." ती उठली. तीन पावलं मागे गेली, हात बांधून उभी राहिली, डोळे बारीक केले. रांगेतले सगळे तिच्याबरोबर डोळे बारीक करून बघत होते.

"नापास," हेडविका म्हणाली.

व्लास्ताची नजर बुटावर गेली.

"काठी," हेडविका म्हणाली. "खाली बघा."

सगळ्यांनी खाली बघितलं. ओकच्या त्या देखण्या काठीच्या टोकाला काळंकुळकुळीत, चकचकीत रबरी बूच होतं, औषधाच्या दुकानात मिळतं ते. शेडमधल्या फरशीवर चालून बघताना घसरू नये म्हणून ओताकरने दवाखान्याच्या काठीचं काढून याला बसवलेलं. तीन आठवडे पायातलं प्लास्टिक लपवण्यात रक्त आटवलं होतं, आणि हे रबर हातात धरून, सगळ्या गावाला दाखवत तो रांगेत पाऊण तास उभा होता. दोघांनाही दिसलं नव्हतं.

ओताकर त्या बुचाकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पुन्हा हळूहळू वाकडा झाला.

"च्यायला!" तो म्हणाला, आणि असा हसत सुटला की त्याला फाटकाचा खांब धरावा लागला. टोपीवाला तरुण हसला, मग रांग हसली. हेडविका मात्र हसली नाही. तिने काठीच्या दिशेने बोट दाखवून ठणकावलं, "हसण्यासारखं काही नाही. बाहेर जा, ते काढा, चामडं नाहीतर लोखंडी कडी बसवा आणि परत या. रांगेच्या शेवटी उभं राहायचं. मध्ये घुसायचं नाही."

"नाही घुसणार, बाईसाहेब," ओताकर म्हणाला.

व्लास्ता तोंडावर बाही धरून रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते काय असतं हे तिला त्या उन्हात उभ्या उभ्या कळलं. नापास केलं होतं त्याला! सगळ्यांसारखं, नीट तपासून, पायाला हात लावून, आणि पायासाठी नव्हे. वेंदुला आतून धावत आली आणि कडेला उभी राहून मुसमुसायला लागली.

"रडू नकोस गं," ओताकर तिला म्हणाला. "प्रोकोपला हाक मार. म्हणावं, म्हातारा आलाय आणि त्याला चामड्याचा तुकडा हवाय. आणि बिअर आण म्हणावं, या वेळी मी जागा आहे."

मग तो रांगेच्या शेवटाकडे निघाला. खुरडत, काठी टेकत, वाटेत दोन-तीन अनोळखी लोकांना थांबवून सांगत, "नापास केलं मला! काठीवर! पाय बघितला, टोपी बघितली, आणि पकडलं काय, तर काठी!" एवढ्या तोऱ्यात की ऐकणाऱ्याला वाटावं, याला बक्षीस मिळालंय.

व्लास्ता पास झालेली होती, तरी सवयीने त्याच्यामागे चार पावलं गेली. त्याने वळून बघितलं.

"तू कुठे येतेस? जा, तंबू लाव. सावलीतली जागा जाईल. माझं मी बघतो."

ती थांबली. मग तिने मेखांची पिशवी खांद्यावर टाकली आणि फाटकातून आत गेली. जागा धरायची म्हणून घाईने गेली. बऱ्याच वेळाने, निम्मा तंबू उभा राहिल्यावर, तिच्या लक्षात आलं की आपण मागे वळून बघितलंच नाही.